डॉ. खानोलकरांचा अपुरा राहिलेला हिशेब

१९७८ हे वर्ष मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने तीन कारणांसाठी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी बालविवाह प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि मुलीच्या लग्नाचे किमान वय पंधरावरून अठरावर गेले. त्याच वर्षी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कर्करोगाच्या रुग्णांची शहरवार नोंद ठेवण्याचे काम इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केले. आणि त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला डॉ. वसंत रामजी खानोलकर हे जग सोडून गेले. पहिल्या दोन घटनांत खानोलकरांचा प्रत्यक्ष हात नव्हता. पण लग्नाचे वय, बाळंतपणांची संख्या आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग या तीन गोष्टी एकाच वहीत मांडाव्या लागतात, हे भारतीय वैद्यकाला शिकवणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. त्या वहीतले एक घर मात्र त्यांच्या हयातीत रिकामेच राहिले. रोगाचे मूळ कारण त्यांना कळायचे होते. ते कळले त्यांच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी.

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा, एका गोमंतकीय मराठी कुटुंबातला. त्या काळी वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या हुशार तरुणापुढे दोन वाटा असत. एक सरकारी नोकरीची, दुसरी स्वतःचा दवाखाना थाटण्याची. खानोलकरांनी दोन्ही सोडून तिसरीच धरली. लंडन विद्यापीठातून त्यांनी १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. ही पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीराच्या पेशींत काय बिघाड केला, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचे शास्त्र. या डॉक्टरला रोगी फारसा भेटत नाही. त्याच्या टेबलावर येतो तो काचेच्या पट्टीवरचा पातळसा काप. पैसा नाही, नाव नाही, रोग्याचे आशीर्वादही नाहीत. अशा विषयाला आयुष्य वाहणारा माणूस लोकांना विक्षिप्तच वाटायचा.

मुंबईस परतल्यावर ते आधी ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि नंतर परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक झाले. १९२६ साली सुरू झालेल्या या दुसऱ्या महाविद्यालयाची एक अट होती: शिकवणारे सगळे भारतीयच असले पाहिजेत. परदेशी प्राध्यापकांवाचून वैद्यक शिकवता येते, हे तिथे सिद्ध करून दाखवायचे होते. खानोलकरांना ती जबाबदारी मानवली. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतले रोग लंडनच्या माणसांचे असतात. परळच्या गिरणगावातल्या आणि कोकणातून आलेल्या माणसांचे रोग तसेच असतील असे धरून चालता येणार नाही. ते आपणच पाहायला हवेत, ही त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाची बैठक होती.

सवयींतून रोगाकडे

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. त्यांच्या स्मरणार्थ उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची सूत्रे खानोलकरांकडे आली. कर्करोगाचे इतके रोगी एका छपराखाली येण्याची भारतातली ही पहिलीच वेळ होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे येत. प्रत्येकाबरोबर त्याची भाषा, त्याचे खाणे, त्याचे व्यसन, त्याचे कपडे आणि त्याच्या घरच्या रीती येत. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाइतकेच लक्ष या गोष्टींकडे दिले.

त्याचे पहिले मोठे फळ १९४५ साली दिसले. बी. सूर्याबाई या सहकारी विदुषीबरोबर लिहिलेल्या निबंधात त्यांनी भारतातल्या तीन खास कर्करोगांचे वर्णन केले. बिहारकडे चुना लावलेली खैनी खालच्या ओठात धरून ठेवतात, तिथे ओठाचा कर्करोग. आंध्रच्या किनाऱ्याकडे पेटलेले टोक तोंडात ठेवून चुट्टा ओढतात, तिथे टाळूचा. आणि धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळून नेसणाऱ्यांना कमरेवरच्या कातडीचा. जिथे सवयीचा घाव बसतो, तिथेच रोग उगवतो, हे या तिन्हींतून स्पष्ट झाले. कर्करोग म्हणजे नशिबाचा किंवा पूर्वजन्मीचा भोग, या समजुतीला हा उघड छेद होता. सवय बदलली तर रोग टळेल, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मग प्रश्न आला स्त्रियांचा. टाटा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका मोठ्या संख्येने येत. गर्भाशयमुख म्हणजे गर्भपिशवीचे खालचे तोंड. बहुतेक जणी येत तोवर रोग हाताबाहेर गेलेला असे. पांढरे जाते, मध्येच रक्त जाते, कंबर दुखते, हे सगळे अंगावर काढून झालेले असे. या बायका ना चुट्टा ओढणाऱ्या, ना खैनी खाणाऱ्या. मग त्यांच्या आयुष्यातली कोणती सवय या रोगाला कारण?

जात की जगणे?

मुंबई हे या प्रश्नासाठी जणू तयार ठेवलेले शहर होते. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती एकाच हवेत, एकाच पाण्यावर राहत, पण त्यांच्या घरच्या रीती वेगळ्या. टाटा रुग्णालयाच्या नोंदी समाजवार लावल्यावर खानोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एक ठळक फरक दिसला. हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे होता. पारशी स्त्रियांत तो कमी आणि स्तनाचा कर्करोग मात्र जास्त. मुसलमान स्त्रियांत गर्भाशयमुखाचे प्रमाण हिंदू स्त्रियांपेक्षा कमी. संख्याशास्त्राची जाण असलेले डॉ. एल. डी. संघवी यांच्यासारखे सहकारी या हिशेबात त्यांच्या बरोबर होते.

असा फरक दिसला की पहिला मोह होतो तो रक्ताचा, वंशाचा दोष काढण्याचा. खरे तर अशी कोडी युरोपातही शंभर वर्षांपासून पडलेली होती. १८४२ साली इटलीत व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासताना रिगोनी-स्टर्न या डॉक्टरला आढळले होते, की लग्न झालेल्या बायका गर्भाशयाच्या कर्करोगाने मरतात. मठात राहणाऱ्या जोगिणींत तो क्वचितच आढळतो. रक्त एकच, शहर एकच, फरक फक्त संसाराचा. मुंबईतही तेच सूत्र लावून पाहता येत होते. पारशी मुलींची लग्ने उशिरा होत, मुले थोडी होत. हिंदू मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी सासरी जाई आणि तिशीपर्यंत तिची सहा-सात बाळंतपणे झालेली असत. मुसलमानांतही लग्ने लवकर होत, पण पुरुषांची सुंता झालेली असे. त्यामुळे लवकर लग्न, जास्त बाळंतपणे, पुरुषाची सुंता आणि स्वच्छता या चार गोष्टींवर त्या काळच्या तज्ज्ञांत मोठा खल चाले.

आज मागे वळून पाहता कळते, की या चारही गोष्टी खऱ्या कारणाच्या सावल्या होत्या. सुंता झालेल्या पुरुषाकडून विषाणू पुढे जाण्याची शक्यता कमी असते, हे पुढे सिद्ध झाले. लवकर लग्न म्हणजे कोवळ्या वयात संसर्ग. आणि जास्त बाळंतपणे म्हणजे त्या संसर्गाला पुन्हा पुन्हा मिळणारी संधी. सावल्या अचूक टिपल्या होत्या. ती पाडणारी वस्तू तेवढी दिसत नव्हती.

खानोलकरांच्या कामाचा मान जगाने राखला. १९५० ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघटनेचे अध्यक्ष होते. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातल्या डॉक्टरला हे पद मिळणे ही लहान गोष्ट नव्हती. १९५२ साली मुंबईत इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर स्थापन झाले, त्याचे पहिले संचालक तेच. पुढे ही संस्था टाटा मेमोरियल रुग्णालयात विलीन झाली. पद्मभूषण, राष्ट्रीय संशोधक प्राध्यापक हे सन्मानही त्यांना मिळाले. पण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत दूरवर पोचलेली गोष्ट बहुधा एका शिष्येची निवड ही होती.

बाल्टिमोरच्या बाटलीतले रहस्य

ही शिष्या म्हणजे पुण्याच्या हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या कमल समर्थ, लग्नानंतरच्या डॉ. कमल रणदिवे. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. त्यांचा विषय स्तनाचा कर्करोग. त्यासाठी उंदरांवर काम चाले. उंदरांच्या काही जातींत हा रोग आईच्या दुधातून पिल्लाकडे जाणाऱ्या विषाणूमुळे होतो आणि गरोदरपणातली संप्रेरके त्या विषाणूला जागे करतात, हे तोवर परदेशात कळू लागले होते. विषाणू, संप्रेरके आणि गर्भारपण यांचे हे त्रिकूट रणदिवे यांनी आयुष्यभर अभ्यासले. माणसाच्या बाबतीत तेच त्रिकूट स्तनाऐवजी गर्भाशयमुखात सापडणार होते, याची तेव्हा कुणालाच कल्पना नव्हती.

पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर, काचेच्या बाटलीत पेशी वाढवण्याचे तंत्र शिकून परतल्यावर खानोलकरांच्या संस्थेत त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. गे यांची ही प्रयोगशाळा जगाला ठाऊक आहे ती एका रुग्ण स्त्रीमुळे. हेन्रिएटा लॅक्स तिचे नाव. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात राबून मोठी झालेली ही कृष्णवर्णीय बाई, पाच मुलांची आई. पाचव्या बाळंतपणानंतर काही महिन्यांनी, १९५१ च्या जानेवारीअखेर, रक्तस्राव होतो म्हणून ती रुग्णालयात आली. गर्भाशयमुखावर गाठ होती. तपासणाऱ्या डॉक्टरला धक्का बसला तो एका नोंदीने. बाळंतपण त्याच रुग्णालयात झाले होते आणि सहा आठवड्यांनंतरची तपासणीही झाली होती, पण गर्भाशयमुखात काही बिघाड असल्याचा उल्लेख कुठेच नव्हता. एक तर तो नजरेतून सुटला होता, किंवा गाठ भयंकर वेगाने वाढली होती. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी ती वारली. वय अवघे एकतीस.

तिला न विचारता घेतलेल्या पेशी गे यांच्या बाटल्यांत वाढत राहिल्या आणि आजतागायत जगभर वाढत आहेत. त्यांच्यावर पोलिओची लस पारखली गेली, असंख्य औषधे तपासली गेली. तिच्या कुटुंबाला मात्र वीस-बावीस वर्षे याचा पत्ताही नव्हता. वैद्यकाच्या नीतीचा तो एक काळा अध्याय आहे.

तिच्या पेशींत दडलेले रहस्य उघड व्हायला तीस वर्षे लागली. १९८३ साली जर्मनीत हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाने गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार शोधला, आणि लगोलग अठरावाही. हाच अठरावा प्रकार हेन्रिएटाच्या पेशींत सापडला. या शोधाला २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. खानोलकरांच्या वहीतले रिकामे घर भरले गेले, पण ते पाहायला खानोलकर नव्हते.

गर्भारपण आणि विषाणू

हा विषाणू आहे तरी कसा? चामखीळ उठवणाऱ्या विषाणूंच्याच कुळातला. त्याचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यातले थोडेच कर्करोगाकडे नेणारे. त्यांतही सोळा आणि अठरा हे दोन बहुतेक रुग्णांमागे असतात. तो शरीरसंबंधातून येतो आणि इतका सर्रास आहे, की संसारात पडलेल्या बहुतेक स्त्रीपुरुषांना तो कधी ना कधी होऊन जातो. हे नीट समजून घ्यायला हवे. कारण या रोगाचे नाव निघाले की आपल्याकडे बाईच्या चारित्र्याकडे बोट जाते. आयुष्यभर एका नवऱ्याशी इमान राखलेल्या बाईलाही तो नवऱ्याकडून येऊ शकतो. दोष शोधायचा नसतो, विषाणू शोधायचा असतो. दहांपैकी साधारण नऊ जणींच्या बाबतीत शरीर त्याला एक-दोन वर्षांत हाकलून लावते. धोका असतो तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसणाऱ्या संसर्गाचा. त्यातून आधी पेशी बदलतात आणि मग दहा-पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो.

गर्भारपणात या सगळ्याचे काय होते? बाळ म्हणजे आईच्या शरीरात वाढणारे अर्धे परके शरीर. त्याला सांभाळून घ्यायचे तर आईच्या प्रतिकारशक्तीला आपली चाल थोडी बदलावी लागते. त्याच वेळी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके कित्येक पटींनी वाढतात. या विषाणूच्या जनुकांवर ताबा ठेवणाऱ्या भागात अशा संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या जागा आहेत. म्हणजे उंदरांच्या दुधातल्या विषाणूसारखेच याही विषाणूला गर्भारपण एका अर्थी हाक मारते. शिवाय संप्रेरकांमुळे गर्भाशयमुखाच्या आतले नाजूक अस्तर बाहेरच्या बाजूला वळते आणि तिथे नव्या पेशी घडू लागतात. विषाणूला हीच घडती पेशी हवी असते.

याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा म्हणजे जननेंद्रियावरच्या चामखिळी. सहावा आणि अकरावा हे निरुपद्रवी प्रकार त्या उठवतात. गरोदरपणात त्या भराभर वाढतात आणि बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप विरतात. कर्करोगाकडे नेणाऱ्या प्रकारांबाबत मात्र चित्र इतके सरळ नाही. गरोदर स्त्रियांत, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, विषाणू अधिक आढळतो असे काही अभ्यासांत दिसले, तर काहींत फरक दिसला नाही. पण एका गोष्टीवर डॉक्टरांचे एकमत आहे. पेशींत बदल झालेले असले, तरी नऊ महिन्यांच्या काळात ते कर्करोगात बदलणे अगदी दुर्मीळ. उलट बाळंतपणानंतर प्रतिकारशक्ती पूर्ववत झाली, की अनेकींचे बदल मागे फिरतात. म्हणून कर्करोग झालेलाच नाही याची खात्री दुर्बिणीतून करून घेतली, की डॉक्टर गरोदरपणी उपचारांची घाई करीत नाहीत. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासतात. बाळाला संसर्ग होण्याची भीती फार थोडी. केवळ विषाणू आहे म्हणून पोट चिरून बाळंतपण करावे लागत नाही. अंगावर पाजायलाही हरकत नसते. गरोदरपणी लस देत नाहीत. पण नकळत दिली गेली, तर घाबरण्याचे किंवा गर्भ पाडण्याचे काहीच कारण नसते. उरलेला डोस पुढे ढकलला जातो.

मग गर्भारपण निर्दोष म्हणायचे का? एक-दोन बाळंतपणे, योग्य वयात, यांना नक्कीच निर्दोष म्हणावे. पण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अनेक देशांतल्या रुग्णांची तुलना करून २००२ साली जे दाखवले, ते खानोलकरांच्या हिशेबाला पूर्ण करणारे होते. शरीरात विषाणू असलेल्या स्त्रियांतच तुलना केली, तेव्हा पूर्ण दिवसांची सात किंवा अधिक बाळंतपणे झालेल्यांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा धोका मूल न झालेल्यांच्या सुमारे चौपट, आणि एक-दोन मुले असलेल्यांच्या दुपटीहून जास्त आढळला. पहिले मूल फार लवकर झाले असेल, तर धोका आणखी वाढतो हेही पुढे दिसले. बीज विषाणूचे, पण दर खेपेला नव्याने नांगरलेली जमीन त्याला मिळत राहते.

या हिशेबाचा सर्वांत बोलका पडताळा मुंबईनेच दिला. १९६३ साली तिथे देशातली पहिली शहरी कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढच्या दशकांत मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली, कुटुंबे लहान झाली. घरोघर तपासणीची मोहीम नसतानाही गर्भाशयमुखाचा कर्करोग उतरत गेला आणि स्तनाचा वर चढला. पूर्वी जे पारशी बायकांचे चित्र होते, ते सगळ्या शहराचे झाले. रोग जातीचा नव्हता, जगण्याचा होता, हे सांगायला याहून मोठी प्रयोगशाळा कोणती?

मराठवाड्याने दिलेले उत्तर

खेड्यांत मात्र जगणे इतक्या वेगाने बदलले नाही. १९८७ साली बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिथल्या बायकांत पहिला क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा निघाला. टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून मग १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक प्रचंड प्रयोग केला. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. काही गावांत विषाणूची तपासणी एकदाच झाली, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगर लावून डोळ्यांनी पाहण्याची. काही गावांत नेहमीची आरोग्यसेवा आणि माहिती तेवढी दिली गेली. सुमारे आठ वर्षांनी, २००९ साली निष्कर्ष आले. विषाणूची तपासणी झालेल्या ३४,१२६ जणींत या रोगाने ३४ मृत्यू. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींत ६४. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तपासणीविना ठेवलेल्या गावांवरून या प्रयोगावर टीकाही झाली, आणि ती अनाठायी म्हणता येत नाही. पण त्या बायकांनी जगाला जे दिले, त्यावर आज अनेक देशांची धोरणे उभी आहेत.

लसीच्या बाबतीतही तसेच घडले. २००९ साली सुरू झालेल्या आणि पुणे व बार्शीचाही समावेश असलेल्या लसीच्या अभ्यासात लस देण्याचे काम २०१० मध्ये सरकारी आदेशाने मध्येच थांबले. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवले असता एका डोसनेही उत्तम संरक्षण मिळते असे दिसले. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही २०२२ साली परवानगी मिळाली आहे. ही लस संसर्ग होण्याआधी, म्हणजे नऊ ते चौदा या वयात सर्वांत गुणकारी ठरते.

साधने हाती आली, तरी २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सव्वा लाखांवर स्त्रियांना हा रोग होतो आणि सुमारे ऐंशी हजार दगावतात. अठराचा कायदा होऊन चार दशके उलटल्यावरही २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत परभणी आणि बीड जिल्ह्यांतल्या विशीतल्या दर पाच तरुण स्त्रियांपैकी दोघींहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले निघाले. उसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत कोयत्याची जोडी जमवायची म्हणून मुलीचे लग्न उरकले जाते. लवकर लग्न, लवकर गर्भारपण आणि तपासणीच्या नावाने शून्य, ही खानोलकरांच्या वहीतली जुनी पाने मराठवाड्यात अजून उलटायची आहेत.

आपल्याकडची बाई निरोगी असताना दवाखान्याची पायरी चढत नाही. ती चढते फक्त गरोदरपणी. बाळंतीण सव्वा महिना घरात राहते. तो संपतो तेव्हाच डॉक्टरी शास्त्रातली सहा आठवड्यांची तपासणी येते. रूढी आणि शास्त्र यांचा असा मेळ क्वचितच बसतो. त्या दिवशी बाळाचे वजन होते, त्याला लस मिळते. आईचे गर्भाशयमुख मात्र कुणी पाहत नाही. हेन्रिएटाची तशी तपासणी होऊनही रोग निसटला. आपल्याकडे बहुतेकींची तपासणीच होत नाही. त्या दिवशी आईला एवढे सांगितले गेले, की तिशी आली की एकदा येऊन विषाणूची तपासणी करून घे, तरी पुष्कळ साधेल. छत्रपती संभाजीनगरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. तिथे उशिरा पोचलेल्या बाईपेक्षा तिच्या गावच्या आरोग्य केंद्रात वेळेवर तपासली गेलेली बाई कमी खर्चात आणि कमी यातनांत वाचते.

खानोलकर १९६० ते १९६३ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. महारोगावरही त्यांनी मूलगामी काम केले. त्यांच्या संस्थेत सापडलेल्या जंतूला त्या संस्थेचेच नाव मिळाले. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून पुस्तकांत त्यांचा उल्लेख येतो. पण सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशीमागे एक बाई आहे, तिचे लग्नाचे वय आहे, तिची बाळंतपणे आहेत, ही त्यांची शिकवण पदव्यांपेक्षा मोलाची. विषाणू कळला, लस आली, तपासणीही आली. आता उरला आहे तो त्या बाईपर्यंत पोचण्याचा हिशेब, आणि तो कोणत्याही प्रयोगशाळेत सुटणारा नाही.